टॅक्स क्रेडिट घेतलं न्यू जर्सीत आणि काम पाठवलं हिंजवडीला, आता माझं काय?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एकांनी विचारलंय: 11 वर्षं एकाच कंपनीत आहे, एच-वन बी व्हिसावर, आय-140 (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) अप्रूव्ह. कंपनीने 'नोकऱ्या इथेच ठेवतो' असं सांगून ग्रो एनजे स्कीममधून राज्याचं टॅक्स क्रेडिट (करात सूट) घेतलंय, आणि आता आमच्या 70 जणांचं काम हिंजवडीला चाललंय. नोटीस 30 दिवसांची, 6 आठवड्यांचा पगार देतायत, पण त्यासाठी शुक्रवारपर्यंत रिलीजवर (कंपनीवर दावा करणार नाही अशा कागदावर) सही हवी. रोज सकाळी साडेसहाला हिंजवडीच्या टीमला केटी देतोय (म्हणजे माझं काम शिकवतोय) आणि पलीकडचा मुलगा माझ्याच कॉलेजचा ज्युनिअर निघाला. सरकारचा पैसा खाऊन असं करता येतं का? केस करू?

हो, कंपनीला असं करता येतं. ग्रो एनजे ही 2013 च्या कायद्याने मोठी केलेली स्कीम, करार कंपनी आणि राज्याच्या ईडीए (आर्थिक विकास प्राधिकरण) मधला, त्यात तुम्ही कुठेच नाही, म्हणून त्यावर तुमची केस उभी राहणार नाही. बरं, त्यात मेख अशी की राज्यातले एकूण कर्मचारी 20 टक्क्यांपेक्षा जास्त घटले तर त्या वर्षीचं क्रेडिट पूर्ण जातं, त्याच्या आत राहिलं तर सहसा गेलेल्या पोस्टपुरतं कमी होतं, आणि हे गणित कंपनीच्या सीएफओने तुमच्या आधी केलेलं असणार. इंडियानात 2016 ला कॅरिअरला 10 वर्षांसाठी 70 लाख डॉलरचं पॅकेज दिलं, तरी पुढच्याच वर्षी शेकडो जणांचं काम मेक्सिकोला गेलंच. ईडीएला पत्र जरूर लिहा, पण त्यातून तुमच्या खिशात एक डॉलर येणार नाही.

तुमचे पैसे आहेत न्यू जर्सीच्या वॉर्न कायद्यात (एकदम बऱ्याच लोकांना काढण्याबद्दलचा कायदा). 10 एप्रिल 2023 पासून, 100 किंवा जास्त कर्मचारी असलेली कंपनी 50 किंवा जास्त लोकांना एकदम काढत असेल तर 90 दिवसांची नोटीस आणि नोकरीच्या दर वर्षाला एक आठवड्याचा पगार द्यायलाच लागतो, नोटीस कमी दिली तर वर आणखी 4 आठवडे. म्हणजे तुमचे 11 अधिक 4, 15 आठवडे, आणि ते म्हणतायत 6! शिवाय हा हक्क लेबर कमिशनरच्या किंवा कोर्टाच्या मंजुरीशिवाय सोडून देता येत नाही, तेव्हा त्यांना रिलीज हवा असेल तर या 15 च्या वर काहीतरी वेगळं द्यावं लागेल.

नोकरी गेल्यावर एच-वन वाल्याला इथे राहायला मिळणारे जास्तीत जास्त 60 दिवस नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात, नोटीस हातात पडल्यापासून नाही, म्हणून शेवटची तारीख एचआरकडून ईमेलवरच घ्या, फोनवर नको. त्या 60 दिवसांत नव्या कंपनीने तुमच्यासाठी एच-वनचं पिटिशन (अर्ज) फाइल केलं पाहिजे. आणि परत जायचीच वेळ आली तर एच-वन वाल्याला मुदतीआधी काढलं म्हणून परतीच्या प्रवासाचा खर्च कंपनीवर आहे (फक्त तुमचा हं, बायकोमुलांचा नाही), हे एचआर आपणहून सांगत नाही.

केटी चालू ठेवा, तो पोरगा काही तुमचा शत्रू नाही आणि मध्येच बंद केलीत तर त्यांना 'कामात कसूर' लिहायला आयतं कारण मिळेल. शुक्रवारी सही मात्र करू नका, एका ओळीचा ईमेल टाका की वॉर्नप्रमाणे माझा हिशोब लेखी द्या, आणि त्याची कॉपी घरच्या ईमेलवर ठेवा, कारण ऑफिसचा लॅपटॉप कधीही लॉक होतो.