इमारतींची देखभाल आणि वाहतूक सिग्नल, या दोन्ही पथकांचे मिळून एकच पथक करावे का?

आपण लिहिले आहे की गोव्यातील किनाऱ्याजवळच्या एका नगरपालिकेत इमारत-देखभालीचे आणि सिग्नलचे अशी दोन्ही पथके नुकतीच आपल्याकडे आली आहेत, माणसे अपुरी आहेत, आणि ‘तक्रार नसेल तेव्हा सिग्नलच्या वायरमनना इमारतींच्या कामाला लावा’ अशी सूचना वरून आली आहे. कामाचे वाटप कसे करावे आणि निधी कसा मागावा, हेही आपण विचारले आहे. यांपैकी त्या सूचनेवर मी नोकरीत असताना बरीच वर्षे वाद घातलेला आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. पथके एकत्र करू नका आणि वायरमन तोंडी आदेशावर सोडू नका.

सिग्नलची तक्रार येत नाही याचे कारण बहुतेक वेळा हेच असते की कोणीतरी नियमाने सिग्नलच्या नियंत्रण पेट्या उघडून पाहत असतो. हे आमच्या तेव्हाच्या वरिष्ठांना मी कधीच पटवू शकलो नाही. एका वर्षी मे महिन्यात सभागृहात मोठा कार्यक्रम ठरला. छताचे पोपडे निघाले होते, पंखे बदलायचे होते, रंग द्यायचा होता, आणि सिग्नलचे वायरमन बसून आहेत असे त्यांचे मत असल्याने त्यांनी ते सगळे सभागृहाकडे वळवले. मी लेखी हरकत घेतली, कारण मे हाच पेट्या तपासण्याचा महिना असतो. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास पाऊस लागतो, वर्षभरात सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, आणि त्याआधी दाराचे तडकलेले रबर बदलणे, केबल आत येते ते भोक बुजवणे, टर्मिनल (तारा जोडण्याची टोके) घासून घट्ट करणे आणि अर्थिंग (गळती झालेली वीज जमिनीत नेणारी जोडणी) मोजणे ही कामे झाली नाहीत, तर ती पुढचे चार महिने भर पावसात करावी लागतात. त्यातच मे महिन्यात पावसाआधी रस्ते खोदून घेण्याची सगळ्या खात्यांची घाई असते आणि सिग्नलची जमिनीखालची केबल त्याच दिवसांत तुटते. माझ्या हरकतीवर ‘पाहिले’ एवढाच शेरा मारून कागद परत आला.

पहिल्या मोठ्या पावसात बाजाराच्या तिठ्यावरचा सिग्नल पिवळ्या उघडझापीवर गेला. एकमेकांना छेदणाऱ्या दोन दिशांना एकाच वेळी हिरवा मिळण्याची शक्यता दिसली की कंट्रोलर, म्हणजे पेटीतले दिवे चालवणारे यंत्र, स्वतःच सगळे दिवे असे उघडझापीवर टाकतो, म्हणजे ती सुरक्षेची व्यवस्थाच आहे. पण ती कशामुळे चालू झाली हे तातडीने पाहायलाच हवे. ‘निदान दिवा लागतो आहे, कार्यक्रम होऊन जाऊ दे’ असे उत्तर मला मिळाले. ते न जुमानता मी एका अनुभवी वायरमनला सभागृहातून काढून तिठ्यावर नेले. पेटीच्या तळाला पाणी साचले होते, तांब्याच्या टर्मिनलांवर खाऱ्या हवेने हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरली होती आणि बोर्डाच्या मागे पालीच्या अंड्यांची टरफले चिकटलेली होती. एवढ्यावर निभावले असते, पण सवयीप्रमाणे त्याने शेजारच्या खांबाला टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला. अर्थिंगची तार पट्टीपाशी गंजून तुटली होती आणि खांबात वीज उतरली होती. त्या खांबाला टेकून सकाळी भाजीवाल्या बसत असत. आम्ही तिथल्या तिथे पुरवठा तोडला, खांबाभोवती दोरी बांधली आणि वाहतूक पोलिसांना कळवले. दुरुस्ती होईपर्यंत त्यांचा शिपाई रेनकोट घालून वाहने सोडत होता. कोणाला काही झाले नाही, परंतु अशा गोष्टीचे श्रेय नशिबाला देण्याची वेळच येता कामा नये.

पुढे बैठकीत मलाच विचारण्यात आले की पावसापूर्वी तपासणी का झाली नाही. मी लॉगबुक समोर ठेवले. त्या आठवड्यांच्या रकान्यांत ‘तोंडी आदेशानुसार सभागृहाच्या कामावर’ अशी नोंद रोजच्या रोज केलेली होती. कागदांनी शहर चालत नाही, असे मला सुनावण्यात आले. माझे मत तेव्हाही वेगळे होते आणि आजही वेगळे आहे: माणूस एका कामावरून दुसऱ्या कामावर नेण्याचा आदेश लेखी हवा, त्यात मागे राहिलेले काम कोणते आणि ते कधी होणार हे लिहिलेले हवे, आणि त्याखाली आदेश देणाऱ्याची सही हवी. ही पद्धत आपण पहिल्या महिन्यातच सुरू करा, कारण नंतर ती सुरू केली की ती कोणाविरुद्ध तरी आहे असे वाटू लागते.

इमारतींच्या पथकालाही या सरमिसळीचा फायदा होत नाही. समुद्राजवळच्या स्लॅबचे पोपडे निघतात ते रंग जुना झाल्यामुळे नव्हे. खाऱ्या हवेतील क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरून गज गंजतात, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडतो. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात तीव्र परिस्थितीसाठी गजांवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगितले आहे, जुन्या स्लॅबमध्ये ते तेवढे असेल असे गृहीत धरू नका. हातोडीने ठोकून पोकळ आवाजाचा भाग आखणे, तो फोडून गज मागून मोकळा करणे, गंज पूर्ण काढणे आणि मगच भरणे, हे मुरलेल्या गवंड्याचे काम आहे. वायरमनच्या हाती थापी देऊन वरून सिमेंट फासले की कार्यक्रमापुरते छत चांगले दिसते आणि पुढच्या पावसाळ्यात तोच तुकडा कोणाच्या तरी डोक्यावर पडतो. आमच्या सभागृहात तो पुढच्याच पावसाळ्यात पडला, सुदैवाने रात्री. मंगळुरी कौलांच्या जुन्या इमारती असतील तर त्यांची पन्हळी, फुटकी कौले आणि भिंतीत रुजलेले पिंपळ हेही मेअखेरपर्यंत उरकावे लागते. म्हणजे दोन्ही पथकांचा सर्वांत गर्दीचा काळ एकच असतो, आणि नेमक्या त्याच काळात एका पथकाची माणसे दुसऱ्याला उसनी देता येत नाहीत.

निधीबाबत थोडक्यात सांगतो. पावसाळापूर्व कामांचे अंदाजपत्रक जानेवारीतच सादर करा, छायाचित्रांसह आणि ठिकाणनिहाय, कारण निविदा निघून कार्यादेश मिळेपर्यंत एप्रिल उजाडतो. नगरसेवकांच्या सूचना अवश्य नोंदवा. मात्र धोक्याची कामे आधी आणि दिसण्याची कामे नंतर, हा क्रम कोणासाठीही बदलू नका.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पणजीची महानगरपालिका सोडली तर राज्यात १३ नगरपालिका आहेत आणि त्यांतील लहान शहरांना मोजक्या सिग्नलांसाठी स्वतंत्र पथक परवडेलच असे नाही. सिग्नल कोणत्या यंत्रणेच्या ताब्यात आहेत हेही सगळीकडे सारखे नसते, त्यामुळे आपली जबाबदारी कुठून कुठपर्यंत आहे हे आधी लेखी मागून घ्या. सिग्नल थोडे असतील तर वार्षिक देखभालीचा करार करणे योग्य ठरेल. परंतु मे महिन्यातील तपासणी आणि प्रत्येक खांबाच्या अर्थिंगचे मोजलेले आकडे दिल्याशिवाय जूनचे देयक निघणार नाही, हे कलम त्यात घाला, आणि ते आकडे पडताळण्यासाठी आपला स्वतःचा एक वायरमन राखून ठेवा, मग सभागृहात कोणाचाही कार्यक्रम असो.