रानातले पांढरे खडे, उसावरचा केवडा आणि जिप्समची घाई

प्रश्न (ऊस उत्पादक, नेवासा तालुका): खोडव्याची (तोडणीनंतर फुटलेल्या उसाची) कोवळी पाने पिवळी-पांढरी पडली आहेत. नांगरटीत पांढरे खडे निघतात. माती परीक्षणात सामू (पीएच) 8.3, मुक्त चुनखडी 12 टक्के, लोह 2.8 पीपीएम. आपल्या काळ्या खडकात लोह भरपूर असते म्हणतात, मग ते कमी कसे पडले? जिप्सम टाकू का?

उत्तर: जिप्सम विकत घेण्याआधी एक खडा हातात घ्या. आपल्याकडे पांढरे खडे साधारण तीन प्रकारचे निघतात. चाकूने ओरखडा उठत नाही आणि काच मात्र खरवडली जाते, ती गारगोटी. तिच्यापासून पिकाला काही त्रास नाही. विहीर खोदताना बेसाल्टच्या पोकळ्यांत चमकदार, सुयांसारखे स्फटिक दिसतात ते झिओलाइट. त्यांचीही काळजी नको. चाकूने सहज खरवडला जातो आणि भुकटीवर लिंबू पिळले की बुडबुडे येतात, तो खडा चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. तुमचा अहवाल पाहता तुमचे खडे बहुधा हेच आहेत.

खडकात लोह भरपूर असते हे खरेच आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये शंभर किलोमागे साधारण 8 ते 10 किलो लोह निघते. पण याच खडकातली ऑगाइट आणि प्लॅजिओक्लेज ही खनिजे झिजताना कॅल्शियमही सोडतात. कोकणात मुसळधार पाऊस ते धुऊन नेतो. तुमच्याकडे पाऊस कमी, ऊन जास्त, म्हणून पाणी उडून जाते आणि चुनखडी मागे राहते. ती सामू आठच्या वर धरून ठेवते. सामू एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. लोह रानातच असते, मुळांना मिळत नाही. ते जुन्या पानांतून नव्या पानांत सहसा सरकतही नाही, म्हणून केवडा, म्हणजे लोहाअभावी येणारा पिवळेपणा, आधी कोवळ्या पानांवर दिसतो आणि शिरा हिरव्या राहतात. जुनी पाने आधी पिवळी पडली असती तर मी नत्र कमी असल्याची शंका घेतली असती.

जिप्सम हे चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या, जमिनीचे औषध. मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल तरच ते कामाला येते. त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावते, चुनखडीवर मात्र त्याचा काही परिणाम होत नाही. तुमच्या अहवालात सोडियमचा आकडा नाही. तो तपासून घ्या, तोवर खर्च करू नका.

‘गंधक टाकून चुनखडी संपवा’ असा सल्ला मिळाला तर हा हिशेब मांडा. एकरभर रानाच्या वरच्या 15 सेंमी थराचे वजन सुमारे 9 लाख किलो. त्यात 12 टक्के म्हणजे लाखभर किलोहून अधिक चुनखडी. एक किलो गंधक जेमतेम तीन किलो चुनखडी विरघळवते. म्हणजे तीस टनांहून अधिक गंधक लागेल! चुनखडी हटवण्याचा नाद सोडा, मुळाभोवतीची चार बोटे जागा सुधारा.

आत्ता 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा द्या. नुसते हिराकस जमिनीत टाकू नका, चुनखडीत ते काही दिवसांतच बांधले जाते. पुढच्या लागणीला एकरी 10 किलो हिराकस चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून सरीत द्या. चिलेटेड लोह (मातीत बांधले जाऊ नये म्हणून सेंद्रिय रेणूत धरलेले लोह) जमिनीतून द्यायचे असेल तर डब्यावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेले पाहून घ्या. स्वस्तातले ‘ईडीटीए’ इतक्या सामूला टिकत नाही. सरीत पाणी साचू देऊ नका, त्याने बायकार्बोनेट वाढून केवडा बळावतो. खोडव्याचे पाचट जाळू नका.

प्रश्न (भात उत्पादक, दापोली तालुका): आमच्या तांबड्या मातीचा सामू 5.2 आहे. आम्हीही चुन्यापासून लांब राहायचे का?

उत्तर: नाही, तुमचे उलट आहे. तुमच्या जांभ्याच्या मातीत केओलिनाइट आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे असतात. ती अन्नद्रव्ये फारशी धरत नाहीत, स्फुरद (फॉस्फरस) मात्र घट्ट बांधून ठेवतात. तुम्हाला चुन्याचा फायदाच होईल. मात्रा माती परीक्षण केंद्राकडून चुन्याची गरज तपासून ठरवा आणि पेरणीआधी दोन-तीन आठवडे मातीत मिसळा. त्याच दिवशी युरिया देऊ नका, नत्र अमोनिया होऊन उडून जाते.