रायफलची अ‍ॅक्शन ढिली आहे म्हणून गॅस टॉर्च लावू नका

दादा, तुम्ही लिहिलंय की आजोबांची लायसन्सवाली .315 रायफल आहे, अ‍ॅक्शन (बोल्ट म्हणजे मागेपुढे सरकणारा दांडा आणि त्याचं घर) लाकडात खडखड करते, आणि कोणीतरी सांगितलं की रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो ते पोलादी घर) गॅस टॉर्चने तापवून गार केला की आवळून बसतो. हात जोडून सांगतो, हे करू नका. मी इंदूरलाच सांवेर रोडवर 22 वर्षं हीट ट्रीटमेंटचं काम करतोय, गार झालेलं पोलाद आपल्या मूळ मापावर परत येतं नाहीतर वाकडं होतं, आवळत नाही.

आणि पोलादाचं पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, उतरलं की वरून दिसत नाही हो. घासून चकचकीत केलेला तुकडा तापवून बघा, 220-230 डिग्रीला गवतासारखा पिवळा, मग तांबूस, जांभळा, 300च्या आसपास निळा, टॉर्चखाली हे सगळं भराभर होतं आणि एक बाजू निळी झाली तरी दुसरी पांढरीच असते. निळ्याच्या पुढे किती चढलं ते डोळ्याला कळत नाही. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड 1903 रायफलींचे रिसीव्हर जुने कारागीर तापून लाल झालेल्या पोलादाचा रंग बघूनच तापवायचे, लख्ख उन्हात रंग फिका दिसायचा म्हणून जास्त तापायचे, 1917 मध्ये काही फुटले तेव्हा पायरोमीटर (भट्टीतलं तापमान मोजायचं यंत्र) लावून हे सापडलं. रोज तेच काम करणारे फसले, तिथे आपण घरच्या ओट्यावर काय करणार.

तुमची .315 ली-एनफिल्डच्या घराण्यातली, तिचे लॉकिंग लग (गोळी सुटताना बोल्ट अडवून धरणारे खुंट) मागे असतात, तुमच्या चेहऱ्याजवळ, म्हणून इतकं कळकळीनं लिहितोय.

आता ढिलेपणा नक्की कुठला? बोल्ट उघडा असताना थोडा डुलतो तो ठीक आहे, तशीच बनावट आहे. लाकडात खडखडत असेल तर बहुतेक दोष लाकडाचा, आपल्या माळव्यात पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात सुकून आकसतं, वर्षानुवर्षं तेल मुरलं की मऊही पडतं. रायफल रिकामी आहे ना दोनदा बघा, मग स्क्रू हलतोय का एवढंच बघा, जोर लावून पिळू नका. लाकडाचं बेडिंग, म्हणजे अ‍ॅक्शन घट्ट बसेल अशी बैठक, करून घेता येतं. बोल्ट बंद असताना ढिलं वाटत असेल तर हेडस्पेस (बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर) गेजने तपासायचं, ली-एनफिल्डच्या नंबर 4 मॉडेलमध्ये बोल्ट हेड (बोल्टचं पुढचं टोक) 0 ते 3 नंबरचे याच कामासाठी असायचे. हे लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच, कारण 1959च्या शस्त्र कायद्यात रिपेअरलाही परवाना लागतो. तोपर्यंत तिच्यातून एकही राऊंड चालवू नका.