डिस्कवर जागा असूनही ‘जागा शिल्लक नाही’ असं का येतं?

डिस्कची जागा दाखवणाऱ्या डीएफ -एच (df -h) या कमांडमध्ये कित्येक जीबी मोकळे दिसतात, तरी लिनक्स नवी फाइल बनवू देत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी डीएफ -आय (df -i) चालवून बघा. ही कमांड बाइट नाही, आयनोड मोजते, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदी. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, आणि ईएक्सटी४ (ext4) या लिनक्सच्या फाइल सिस्टममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीत, त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. सेशनच्या किंवा कॅशेच्या लाखो बारीक फाइली साचल्या की आयनोड संपतात, जागा मात्र तशीच पडून राहते. आयनोडचा वापर १०० टक्के दिसला तर कारण हेच. कुठल्या फोल्डरमध्ये गर्दी आहे ते डीयू --आयनोड्स (du --inodes) ही कमांड सांगेल. पण कृपया घाईत सरसकट काही पुसू नका, आधी त्या फाइली कोणता प्रोग्राम बनवतोय ते शोधा, नाहीतर चार दिवसांत पुन्हा तेच.

आयनोड भरपूर असतील, तर डीएफ -एच मध्ये ‘साइझ’ वजा ‘यूज्ड’ असा हिशोब न करता ‘अव्हेल’ हा रकाना पाहा. ईएक्सटी४ सहसा ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरसाठी, राखून ठेवते. ती मोकळी वाटते, पण साध्या युजरला मिळत नाही.