वाचकांचे प्रश्न : वरच्या दाढेचं इम्प्लांट आणि सायनस लिफ्ट

प्रश्न : वरची दाढ काढून चार वर्षं झाली. इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम मुळासाठी, स्कॅन केला, तर डॉक्टर म्हणाले, ‘हाड ३ मिलिमीटरच उरलंय, आधी सायनस लिफ्ट, दात बसायला वर्ष जाईल.’ दुसरीकडे लिफ्ट आणि इम्प्लांट एकाच दिवशी करून देतो म्हणतात. कोणाचं ऐकावं?

उत्तर : मोजमाप बरोबर असेल, तर आमचा कल पहिल्या सल्ल्याकडे आहे. दाढांच्या मुळांच्या अगदी वर मॅक्सिलरी सायनस ही हवेची पोकळी असते. दाढ गेली की खालून हाड झिजतं आणि वरून सायनस खाली उतरतो. त्याचा तळ वर उचलून खाली हाड वाढवणं म्हणजे सायनस लिफ्ट. त्यात इथलं हाड मुळातच भुसभुशीत. १० मिमी लांबीच्या इम्प्लांटला ३ मिमी हाडाची पकड मिळाली, तर ते सैल राहण्याचा धोका मोठा. हलणाऱ्या इम्प्लांटभोवती हाड धरत नाही. क्वचित ते सायनसमध्येच निसटतं.

५ मिमीच्या वर हाड असेल, तर इम्प्लांटसाठी पाडलेल्या भोकातूनच सायनसचा तळ हलकेच ठोकून वर उचलतात; त्याने साधारण ३ मिमी उंची मिळते. त्याहून कमी हाड असेल, तर गालाच्या बाजूने हाडात छोटी खिडकी पाडतात, आतला पडदा सोडवून वर सरकवतात आणि खालच्या जागेत हाडाची भुकटी भरतात. ती मुरायला ६ ते ९ महिने, मग इम्प्लांट, पुढे ३ ते ६ महिन्यांनी कॅप, म्हणजे वरचा दात. वर्ष जातं ते असं.

एकाच बैठकीत दोन्ही करणं चूक नाही. मात्र इम्प्लांट घालताक्षणी घट्ट बसलं पाहिजे. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना विचारा : ‘पकड मिळाली नाही, तर फक्त भुकटी भरून थांबाल का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर तिथून उठा.

प्रश्न : शस्त्रक्रियेत पडदा फाटतो म्हणतात. मग काय?

उत्तर : सर्वांत जास्त घडणारी अडचण हीच, आणि चांगल्या हातांतही ती घडते. पडदा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि सायनसमध्ये हाडाचे आडवे कंगोरे असले तर सोडवताना तिथेच फाटतो. छिद्र ५ मिमीपेक्षा लहान असेल, तर कोलेजनचा तुकडा लावून काम पुढे नेतात. मोठं असेल, तर टाके घालतात किंवा काम थांबवून काही महिन्यांनी पुन्हा करतात. हट्टाने भुकटी भरली, तर ती सायनसमध्ये सांडते आणि जंतुसंसर्ग होतो.

म्हणून आधी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) स्कॅन हवाच. त्यात कंगोरे, बाजूच्या भिंतीतली रक्तवाहिनी आणि सायनसचा नाकात उघडणारा मार्ग मोकळा आहे का, हे दिसतं. जुनी सायनसची सर्दी असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ती आधी बरी करून घ्या.

नंतर किमान दोन आठवडे नाक शिंकरू नका. शिंक दाबू नका, तोंड उघडं ठेवून शिंका. स्ट्रॉने पिणं बंद, जड ओझं उचलणं बंद. पहिल्या दिवशी नाकातून थोडं रक्त आलं तर घाबरू नका. पू, दुर्गंधी, ताप किंवा वाढती सूज दिसली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : अशी इम्प्लांट किती टिकतात?

उत्तर : लिफ्ट केलेल्या हाडातली इम्प्लांट काही वर्षांनंतरही ९० टक्क्यांहून अधिक टिकलेली दिसतात. पण ‘टिकलं’ म्हणजे तोंडात आहे, एवढंच. त्याभोवतीचं हाड झिजतंय का, हिरडीतून रक्त येतं का, हा हिशेब वेगळा. धूम्रपान, ताब्यात नसलेला मधुमेह आणि हिरड्यांचा जुना आजार इथे नडतात. सिगारेट निदान लिफ्टच्या आधी-नंतर काही आठवडे तरी सोडलीच पाहिजे.

हाड ६ मिमीच्या आसपास असेल, तर लिफ्ट न करता आखूड इम्प्लांट बसेल का, हेही विचारून पाहा. त्यात खर्च, सूज आणि वाट पाहणं, तिन्ही कमी. ३ मिमीत मात्र तो मार्ग नाही.