जीर्ण पुस्तके इंटरनेटवर ठेवता येतील का?

प्रश्न : आमच्या महाल भागातील वाचनालयातली जीर्ण मराठी पुस्तके स्कॅन करून इंटरनेटवर सर्वांसाठी खुली ठेवायची आहेत. प्रकाशकाची परवानगी लागेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : पुस्तकाच्या वयापेक्षा लेखकाचे निधन केव्हा झाले हे आधी पाहावे, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९६४ मध्ये निवर्तलेल्या लेखकाची अशी पुस्तके १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाली आणि त्यांना कोणाचीही परवानगी लागत नाही. मात्र प्रस्तावना, टिपा किंवा चित्रे दुसऱ्या कोणाची असल्यास (हे हमखास विसरले जाते) त्यांची मुदत वेगळी मोजावी. मुक्त पुस्तके मराठी विकिस्रोतावर (हक्कमुक्त पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयावर) चढवल्यास त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये (संगणकाला ओळखता येणाऱ्या अक्षरांत) उतरवून शोधण्याजोगाही करता येतो.