मुंबईतल्या बिलावरचा सर्व्हिस चार्ज परत मिळेल का?

प्रश्न: मी सांगलीची, मैत्रीण पुण्याची. शनिवार-रविवार खास खाण्यासाठी मुंबई गाठली. माटुंग्याला इडली, गिरगावात सुरमईचं ताट, मोहम्मद अली रोडला फिरनी असं करत रात्री लोअर परळच्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवलो. बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज होता. काढा म्हटल्यावर मॅनेजर म्हणाला, "मेनूकार्डावर छापलंय, सगळ्यांनाच लागतो." तमाशा नको म्हणून मैत्रिणीनं पैसे भरून टाकले. २० रुपयांच्या पाण्याच्या बाटलीचे ९० लावले होते. वर रविवारी दुपारी मैत्रिणीचं पोट बिघडलं. तिन्हींची तक्रार करता येईल का? मैत्रीण म्हणते, सोडून दे.

उत्तर: ताई, तिन्हींची करू नका. फक्त सर्व्हिस चार्जची करा. कमकुवत मुद्दे बरोबर घेतले की समोरचा वकील त्यांच्यावरच बोलत बसतो आणि तुमचा भक्कम मुद्दा मागे पडतो.

पोटाचं आधी सांगते. दोन दिवसांत तुम्ही इडली, मासे, फिरनी आणि काय काय खाल्लंत, हे तुम्हीच हौसेनं लिहिलंय. आता यातल्या नेमक्या कुठल्या ताटानं घात केला, हे सिद्ध कसं करणार? त्याच जेवणानं तुम्हाला काहीच झालं नाही, हेही विचारलं जाईलच. डॉक्टरांचा कागद नाही, अन्नाचा नमुना नाही. हा मुद्दा सोडा.

बाटलीचा राग रास्त आहे, पण कायदा तुमच्या बाजूनं नाही. रेस्टॉरंट नुसती बाटली विकत नाही, बसायला जागा आणि सेवाही देतं, म्हणून छापील किमतीचं बंधन तिथे लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलंय. मला स्वतःला हा निकाल पटत नाही, पण माझ्या न पटण्यानं तुम्हाला पैसे मिळणार नाहीत.

आता बिलाकडे या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खाण्यापिण्याचे ३,६०० रुपये आहेत, त्यावर सर्व्हिस चार्ज ३६०. मग जीएसटी ५ टक्के, पण तो ३,६०० वर नाही, ३,९६० वर, म्हणजे १९८. एकूण ४,१५८. याचा अर्थ चार्जचे ३६० आणि त्या चार्जवरच्या कराचे १८, असे ३७८ रुपये तुमच्याकडून जादा गेलेत. मागताना ३७८ मागा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही वसूल करायचा नाही, आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटी तर नाहीच नाही. द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकानं ठरवायचं. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला त्यांच्या याचिका फेटाळल्या. "आम्ही अपील केलंय," असं ऐकवलं जाईल. अपील केलं म्हणजे स्थगिती मिळाली असं नसतं. स्थगितीचा आदेश दाखवा म्हणावं. मेनूकार्डावर छापलं म्हणून तुमची संमती ठरत नाही, आणि नाइलाजानं पैसे भरले म्हणून हक्कही बुडत नाही.

करायचं काय? आज आधी बिलाची झेरॉक्स काढा. तो थर्मल कागद आहे, काही महिन्यांत कोरा होतो. मग रेस्टॉरंटला ईमेल करा: बिल क्रमांक, तारीख, ३७८ रुपये, पंधरा दिवसांची मुदत. एवढ्यावरही पैसे परत येऊ शकतात, कारण ३७८ रुपयांसाठी वकील उभा करणं त्यांना परवडत नाही. नाहीच आले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही अडलं तरच जिल्हा ग्राहक आयोग.

आयोगासाठी मुंबईला खेपा घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणजे तुमच्यासाठी सांगली. मुदत दोन वर्षांची आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. मनस्तापाची भरपाई मागा, पण लाखभर लिहू नका. आकडा फुगवला की आयोगाचा तुमच्याकडे बघण्याचा सूर बदलतो.

राहिली मैत्रीण. पैसे तिच्या खात्यातून गेले, तरी तिच्या संमतीनं सेवा घेणारी म्हणून कायद्याच्या लेखी तुम्हीही ग्राहकच आहात. तिला यात पडायचं नसेल तर आग्रह धरू नका. तिच्याकडून पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि "आम्ही दोघी जेवलो, पैसे मी भरले, तक्रारीला माझी हरकत नाही" एवढं सहीनिशी लिहून घ्या.